वर्गातील कामवाटप

बालवाडीत आणि प्राथमिक शाळेच्या पहिल्या वर्गांत रोजची कामे मुलांकडे आळीपाळीने सोपवण्याची पद्धत. फळा पुसणे, वह्या वाटणे, चपला रांगेत लावणे, कुंड्यांना पाणी घालणे, पोषण आहाराच्या वेळी ताटे मांडणे, परिपाठात वार-तारीख सांगणे अशी ही कामे असतात. आपला वर्ग, आणि पुढे आपले गाव, कोणाकोणाच्या कामावर चालते हे मुलांना अनुभवातून कळावे, हा हेतू. शेतकरी, पोस्टमन, सफाई कामगार यांची चित्रे दाखवली की मूल नावे सांगते; पण पाण्याचे पिंप रिकामे राहिल्यास वर्ग तहानलेला राहतो, हे त्याला कळते ते पाण्याची पाळी त्याच्याकडे आल्यावर.

मारिया माँटेसरी यांनी 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत बालगृह सुरू केले. तेथे झाडणे, टेबल मांडणे, जेवण वाढणे ही कामे शिक्षणाचाच भाग ठरली. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये स्थापन केलेल्या नूतन बाल शिक्षण संघाने माँटेसरींचा विचार भारतीय मातीत रुजवला. ताराबाई व अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला तो खेड्यापाड्यांतील मुलांपर्यंत नेला. 1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या ‘नयी तालीम’ या शिक्षणपद्धतीनेही सफाई, शेती आणि सूतकताईला शिक्षणात मानाचे स्थान दिले.

भारतात कामवाटपाचा गाभा आळीपाळीत आहे. गावगाड्यात काम जन्माने ठरत असे, आणि झाडू कोणाच्या हाती हे जातीवरून ठरे. ज्या वर्गात केर काढणे मुलींकडे, घंटा वाजवणे मुलांकडे आणि मॉनिटरपद कायम ‘हुशार’ विद्यार्थ्याकडे असते, तो वर्ग तीच जुनी उतरंड पुन्हा शिकवतो. म्हणून प्रत्येक काम प्रत्येकाच्या वाट्याला यायलाच हवे. शिक्षा म्हणून झाडायला लावणे तर या पद्धतीचा घातच करते.

वाचता न येणाऱ्या मुलांसाठी तक्त्यावर कामाचे चित्र आणि शेजारी मुलाचे नाव किंवा खूण लावतात. पाळी सहसा आठवड्याची असावी. एका दिवसात हात बसत नाही. दोघांची जोडी केली तर लाजरे मूलही पुढे येते. मुलाने वेडावाकडा पुसलेला फळा शिक्षकांनी त्याच्यादेखत पुन्हा पुसू नये.

जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत वरच्या वर्गांतून शालेय मंत्रिमंडळ निवडतात. लहान मुले मत देताना बहुधा मैत्रीच पाहतात, त्यामुळे त्यांच्यासाठी निवडणुकीपेक्षा पाळी बरी.

शौचालय धुणे, गरम पातेली उचलणे, जड बादल्या वाहणे ही कामे यात येत नाहीत. शाळेत कर्मचारी नाही म्हणून मुलांकडून काम उरकून घेणे म्हणजे कामवाटप नव्हे.