उन्हाळ्याची उमेदवारी



'उमेदवार' हा शब्द आज निवडणुकीमुळे सर्वांच्या तोंडी आहे. पण आपल्याकडच्या कचेऱ्यांतून एके काळी त्याचा अर्थ निराळा होता. पुढेमागे कायमची जागा मिळेल या आशेवर जो बिनपगारी लिहिणावळ करीत बसे, तो उमेदवार. उमेद हाच त्याचा पगार. नंतर यंत्रशाळेत कारागिराच्या हाताखाली शिकणाऱ्या पोरालाही हेच नाव मिळाले. इंजिनिअरिंग कॉलेजातील मुले हल्ली उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रयोगशाळेत संशोधन करावयास जातात, त्याला इंटर्नशिप म्हणतात, समर रिसर्च म्हणतात. नाव नवे आहे, प्रश्न जुनाच आहे. शिकता शिकता जो काम करतो, त्याच्या त्या दोन महिन्यांचा खर्च कोणी सोसावयाचा?

या प्रश्नाचा इतिहास मी आज मांडणार आहे. तो बव्हंशी अमेरिकेतला आहे, कारण ही प्रथा तिथे मोठी झाली आणि तिच्यावरचे वादही तिथेच कोर्टात व कायदेमंडळात लढले गेले. मी स्वतः कॉलेजची पायरी चढलेलो नाही. संघटनेच्या कामातून सवड काढून वाचनालयात जे वाचले, त्यावर माझी भिस्त आहे. तेव्हा विद्वानांनी विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये, हिशेबाची ठेवावी.

प्रारंभ हर्मन श्नायडर या माणसापासून करतो. पेनसिल्व्हेनिया संस्थानातील कोळशाच्या मुलखात १८७२ साली त्याचा जन्म झाला. लीहाय विद्यापीठात तो शिकला तो स्वतः नोकरी करीत करीत, आणि पदवी घेतल्यावर काही वर्षांनी तिथेच शिकवू लागला. त्या विद्यापीठाच्या शेजारी पोलादाचा मोठा कारखाना होता. एका संध्याकाळी श्नायडर आवारातून चालला असता शेजारच्या भट्टीचा लोळ आकाशात उसळला, आणि त्याच्या मनात आले की इतकी मोठी प्रयोगशाळा भिंतीपलीकडे उभी असताना आपण कॉलेजात तिच्या बाहुल्या का करीत बसलो आहोत? ही कथा त्याच्या चरित्रात सांगतात. तिच्यात रंग भरला असेल तर असो. मला त्याची दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. पदवीधरांपैकी खरे इंजिनिअर कोण निघाले, याची त्याने चौकशी केली, तेव्हा त्याला असे आढळले की ज्यांनी शिकत असताना, सुट्टीत किंवा मधे वर्ष सोडून, पोटासाठी काम केले होते, त्यांतलेच बहुतेक पुढे आले. म्हणजे ज्या गरिबीला आपण शिक्षणातील अडथळा समजतो, तिच्यातून ही मुले असे काही शिकली होती की जे वर्गात मिळत नव्हते. श्नायडर शहाणा, म्हणून त्याने गरिबीचे गोडवे गायले नाहीत. त्याने विचारले, हे काम सर्वांनाच, आणि अभ्यासाचा भाग म्हणून, का मिळू नये?

लीहायला हे पटले नाही. १९०३ साली तो सिनसिनाटीला गेला. हे नाव आपल्यातील जुन्या फिटर-टर्नर मंडळींना परके नाही. मिलिंग मशीनच्या अंगावर ते ओतलेले त्यांनी पाहिले आहे. यंत्रे घडविणारी यंत्रे बनविण्याचे ते गाव. तिथल्या कारखानदारांना शिकलेल्या हातांची गरज होती. विद्यापीठाच्या चालकांनी मात्र परवानगी दिली ती एका वर्षापुरती, आणि योजना फसल्यास जबाबदारी आपली नाही असे बजावून! १९०६ साली २७ विद्यार्थ्यांनिशी योजना सुरू झाली. दोन विद्यार्थ्यांची जोडी करावयाची. एक आठवडाभर कारखान्यात, दुसरा वर्गात. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. अभ्यासक्रम सहा वर्षांचा. आणि कारखान्यातल्या आठवड्याची मजुरी विद्यार्थ्याच्या हातात.

माझ्यासारखा माणूस इथे थोडा थांबतो. या व्यवस्थेत मालकाचे यंत्र एक दिवसही रिकामे राहत नव्हते. दोन पोरांत मिळून त्याला एक पुरा माणूस मिळे, तोही कसलेल्या कारागिरापेक्षा स्वस्तात. हे सर्व मान्य केले तरी श्नायडरने एक पायंडा पाडला, त्याचे मोल मी कमी लेखणार नाही. जे काम दुसऱ्याच्या उपयोगी पडते त्याचे दाम दिले पाहिजे, मग काम करणारा विद्यार्थी का असेना, हे त्याने पहिल्या दिवसापासून पाळले. १९२० साली मुलींनाही या योजनेत प्रवेश मिळाला.

दाम न देण्याची वाट कशी निघाली, तेही पाहिले पाहिजे. १९३८ साली रूझवेल्टच्या काळात अमेरिकेत किमान वेतनाचा कायदा झाला. पुढे एका रेल्वे कंपनीवर खटला झाला. यार्डात ब्रेकवाल्याच्या कामाची उमेदवारी करणाऱ्यांना ती कंपनी सात-आठ दिवस बिनपगारी शिकवीत असे. १९४७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की हे उमेदवार कायद्याच्या अर्थाने कामगार नव्हेत. कारणे अशी दिली की ते कोणा नेहमीच्या कामगाराची जागा घेत नाहीत, देखरेखीखाली काम करतात, आणि कंपनीला त्यांच्यापासून तात्काळ लाभ तर नाहीच, उलट कधी कधी खोळंबाच होतो. त्या सात-आठ दिवसांपुरते हे तर्कशास्त्र ठीक होते. पण ज्या खिंडीतून आठवडाभराचे रेल्वेचे उमेदवार गेले, त्याच खिंडीतून पुढे तीन-तीन महिने राबणारे बिनपगारी इंटर्न नेण्यात आले. खरा फायदा कोणाला, शिकणाऱ्याला की मालकाला, यावर तिथे वाद चालूच राहिले. २०१५ साली एका अपील न्यायालयाने हीच मुख्य कसोटी ठरविली, आणि २०१८ साली सरकारच्या कामगार खात्यानेही ती उचलली.

आता कारखान्यातून प्रयोगशाळेकडे येऊ. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक आकाशात सोडला आणि अमेरिकेची झोप उडाली. १९५० साली स्थापन झालेल्या त्यांच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचे अनुदान एका वर्षात तिपटीहून अधिक झाले. त्या पैशातून जे निघाले त्यात एक योजना अशी होती की पदवी नसलेल्या विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष संशोधनात भाग घ्यावा आणि त्याबद्दल त्यांना विद्यावेतन मिळावे. मौज पाहा, जे श्नायडरला एका गावच्या कारखानदारांकडून मागून घ्यावे लागले, ते रशियाच्या भीतीने सरकारने आपण होऊन दिले.

त्याच वर्षी, पण स्पुटनिकच्या आधी, मे महिन्यात, पोलरॉइड कॅमेऱ्याचा जनक एडविन लँड याने एम.आय.टी. या विख्यात संस्थेत एक व्याख्यान दिले. हा गृहस्थ स्वतः हार्वर्डचे शिक्षण अर्धवट सोडलेला. त्याचे म्हणणे असे की मुलगा कॉलेजात आला त्या दिवसापासून त्याला स्वतःचा एक खरा प्रश्न शोधावयास द्या. चार वर्षे दुसऱ्यांनी सोडविलेली गणिते पुन्हा सोडवून घेऊन त्याची हिंमत मारू नका. ते बीज रुजावयास बारा वर्षे लागली. १९६९ साली मार्गारेट मॅकव्हिकर या तरुण पदार्थविज्ञान-प्राध्यापिकेने लँडच्या मदतीने एम.आय.टी.त पदवीपूर्व संशोधनाची योजना सुरू केली. ती स्वतः तिथलीच विद्यार्थिनी, आणि त्या वेळी वय अवघे पंचवीस-सव्वीस. विद्यार्थ्याने प्राध्यापकाच्या चालू संशोधनात सहकारी म्हणून शिरावयाचे, आणि त्याबद्दल एक तर अभ्यासाचे गुण घ्यावयाचे, नाही तर पगार. दोन्ही नाही. मला ही निवड फार प्रामाणिक वाटते. ज्याच्या घरची स्थिती बरी, तो गुण घेईल. ज्याला खानावळीचे बिल भागवावयाचे आहे, तो पगार घेईल. पण दोघेही एकाच टेबलाशी उभे राहतील.

१९७९ साली कॅलिफोर्नियातील कॅल्टेक या संस्थेत फ्रेडरिक शेअर या रसायन-अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाने पुढाकार घेऊन उन्हाळी शिष्यवृत्तीची योजना उभी केली. तिथे विद्यार्थ्याने आधी मार्गदर्शक गाठावयाचा, आपल्या कामाचा प्रस्ताव स्वतः लिहावयाचा, दहा आठवडे काम करावयाचे आणि अखेरीस लेख लिहून व्याख्यान द्यावयाचे. थोडक्यात, मोठे शास्त्रज्ञ जे करतात तेच, लहान मापाने.

मग आली काटछाट. १९८१ साली रेगन अध्यक्ष झाले आणि फाउंडेशनच्या शिक्षण-खर्चावर कुऱ्हाड पडली. स्पुटनिकनंतरची ती योजना बंद झाली. श्रीमंत विद्यापीठांच्या योजना आपापल्या देणग्यांवर चालू राहिल्या. बुडाले ते लहान कॉलेजांतले विद्यार्थी, ज्यांच्या संस्थेत ना प्रयोगशाळा ना देणगीदार. १९८६ साली होमर नील या कृष्णवर्णीय पदार्थशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखालील समितीने पदवीपूर्व शिक्षणाच्या या दुर्दशेवर अहवाल दिला, आणि १९८७ साली योजना नव्या नावाने पुन्हा उभी राहिली. या वेळी तिच्या मुळाशी एक मोठी चांगली गोष्ट होती. यजमान विद्यापीठाने केवळ आपलीच मुले घेऊन चालणार नाही, बाहेरची घ्यावीत, आणि जिथे संशोधनाची सोय नाही अशा कॉलेजांतली घ्यावीत. विद्यावेतन सरकार देणार. पण सरकारच्या हाताचा भरवसा किती, तेही दिसले आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात अनुदानाच्या अनिश्चिततेमुळे कित्येक विद्यापीठांनी आपले हे उन्हाळी कार्यक्रम रद्द केले.

कोणी प्राध्यापक म्हणतील, पोरगा दहा आठवड्यांत काय दिवे लावणार? तो उपकरण बिघडवतो, आमचा वेळ खातो, आणि वर त्याला पैसे द्यायचे? हा युक्तिवाद मला अगदी पाठ आहे. उमेदवाराला बिनपगारी राबविणारा हेडक्लार्क हेच म्हणत असे, आणि त्या रेल्वे कंपनीच्या वकिलानेही थोड्याफार फरकाने हेच म्हटले असणार. मी उलट विचारतो. उन्हाळ्यात ज्या मुलाला बापाच्या दुकानावर बसावे लागते किंवा पुढच्या वर्षाची फी जमवावी लागते, त्याला तुम्ही बिनपगारी संशोधनाचे आमंत्रण दिलेत, तर ते आमंत्रण नव्हेच. मग प्रयोगशाळेत येतील ती फक्त खाऊनपिऊन सुखी घरची मुले. त्यांत हुशार असतील, पण हुशारीच्या बळावर ती निवडली गेली, असे कृपा करून म्हणू नका.

आपल्याकडचे थोडे सांगतो. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला, तो मुख्यतः कारागिरांसाठी. १९७३ च्या दुरुस्तीने पदवी-पदविकाधारक इंजिनिअर त्यात आले, आणि त्यांच्या विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकारने उचलला. ही सोय परीक्षा झाल्यानंतरची. शिकत असतानाच्या उन्हाळ्यासाठी पिलानीच्या बिर्ला संस्थेने १९७३ मध्येच प्रॅक्टिस स्कूल काढले. दुसरे वर्ष संपले की विद्यार्थी सुमारे दोन महिने कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत जातो. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीने विद्यार्थ्यांना दोन महिने नामवंत शास्त्रज्ञांकडे पाठविण्याची उन्हाळी शिष्यवृत्ती सुरू केली. तीत इंजिनिअरिंगची मुलेही बसतात, दरमहा विद्यावेतन मिळते आणि आगगाडीचे भाडेही. भाड्याची ही तरतूद ज्याने प्रथम सुचविली असेल त्याला माझा नमस्कार. परभणीच्या किंवा रत्नागिरीच्या मुलाचे संशोधन पुष्कळदा तिकिटाच्या खिडकीशीच थांबलेले असते.

याची दुसरी बाजू मी डोळ्यांनी पाहिली आहे. एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात एकदा मे महिन्यात इंजिनिअरिंगची वीसएक मुले आली. मालकाने सांगितले, 'प्रोजेक्ट' करायला आली आहेत. दोन महिने त्यांनी माल मोजला आणि खोकी बांधली. त्या खात्यातल्या कंत्राटी बायांच्या हजेऱ्या तेवढ्या दिवसांपुरत्या कमी झाल्या. शेवटच्या दोन दिवसांत जुन्या फायलीवरून अहवाल उतरवून घेतले आणि प्रशस्तिपत्रे वाटली. आमच्यातले काही जण पोरांवरच चिडले. मी म्हटले, पोरांनाही फसवलेच आहे. तुमची हजेरी गेली, त्यांचा उन्हाळा गेला. ते पोर्टलंडच्या ब्रेकवाल्यांच्या निकालातले पहिले कारण आठवा, की उमेदवार कोणाची जागा घेत नाही. इथे तर सरळ जागाच घेतली होती.

२०१८ साली तंत्रशिक्षण परिषदेच्या नमुना अभ्यासक्रमात इंटर्नशिपला श्रेयांक मिळाले. हेतू चांगलाच. पण लाखो मुलांना एकदम प्रशस्तिपत्र हवे झाले, तेव्हा ते विकणारेही उभे राहिले. आज असेही दिसते की मुलगा पगार घेत नाही तो नाहीच, उलट प्रशिक्षणाच्या नावाखाली स्वतःच फी भरतो. जुन्या कचेरीतल्या उमेदवाराने निदान टाकाला पैसे मोजले नव्हते.

आपणांपैकी ज्यांची मुले इंजिनिअरिंगला आहेत, त्यांना शेवटी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. या उन्हाळी संशोधनाचे अर्ज उन्हाळ्यात निघत नाहीत, ते आदल्या हिवाळ्यातच भरून झालेले असतात. मोठ्या संस्थेतल्या मुलाला ते वसतिगृहातले थोरले विद्यार्थी दिवाळीच्या सुमारास सांगतात. तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलाला ते एप्रिलमध्ये कळते, सूचनाफलकावरचा कागद पिवळा पडल्यावर. तेव्हा आपल्या कॉलेजच्या प्राचार्यांना येत्या ऑक्टोबरातच भेटावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात: कुठे पाठविणार, तिथे मुलगा नेमके काय करणार, आणि खर्च कोण देणार.