उलटलेले दुखणे, परत आलेले औषध

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर नरक्या नावाचे एक झाड आढळते. त्याच्या फुलांना दुर्गंध असतो, म्हणून काही भागांत त्याला घाणेरा म्हणतात. आणि याच झाडाचे आणखी एक नाव अमृता असे आहे. चीनमध्ये एक वेगळेच झाड आहे, त्याच्या चिनी नावाचा अर्थ ‘आनंदवृक्ष’. दोघांचे कूळ निराळे, देश निराळा. पण दोघांच्या अंगात एकच रेणू सापडतो. मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग उलटून शरीरभर पसरला, तर आज जगभर जी औषधे दिली जातात, त्यांतील एक प्रमुख औषध या रेणूपासून तयार झाले. आणि हा रेणू हुडकून काढणाऱ्या दोघांपैकी एक जण आपल्या नंदुरबारचा होता.

आजचा थ्रेड त्या रेणूविषयी. लढाया आणि गडकोट यांच्या वाचकांना विषय अनोळखी वाटेल, म्हणून आधीच सांगतो की मी त्याच्याकडे वळलो तो घरच्या कारणाने. माझ्या आत्याला हा आजार आहे. शस्त्रक्रिया होऊन दोन वर्षे बरी गेली आणि मग तो यकृतात उलटला. ‘उलटणे’ हा आपल्याकडचा शब्द मला फार नेमका वाटतो. गेलेले दुखणे पाठ फिरवून पुन्हा आपल्याकडे तोंड करते, असा काहीसा अर्थ त्यात आहे.

हे औषध नव्हते तेव्हा माणसे या आजारासह कशी जगत? एकाच माणसाकडे पाहू. क्लोद देब्युसी हा फ्रान्सचा थोर संगीतकार. १९०९ च्या सुमारास त्याला रक्तस्राव सुरू झाला. १९१५ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये गुदाशयाच्या कर्करोगासाठी त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. पुढे रेडियमचे उपचार झाले, वेदनेसाठी मॉर्फिन होतेच. बाहेर पहिले महायुद्ध पेटलेले. याच काळात त्याने सहा सोनाटा लिहिण्याचा संकल्प सोडला होता. त्यांतील दोन शस्त्रक्रियेपूर्वी पूर्ण झाले. तिसरा, व्हायोलिन आणि पियानोसाठीचा, आजारपणात रेटत रेटत १९१७ मध्ये पुरा झाला आणि ५ मे १९१७ रोजी पॅरिसमध्ये देब्युसीने स्वतः पियानोवर बसून तो सादर केला. २५ मार्च १९१८ रोजी, जर्मन तोफांचे गोळे शहरावर पडत असताना, वयाच्या ५५ व्या वर्षी तो गेला. चौथा, पाचवा, सहावा सोनाटा राहिला तो राहिलाच. चरित्रकार याला अपूर्ण संकल्प म्हणतात. मला मात्र तिसरा सोनाटा लिहिला गेला, हीच त्यातली मोठी गोष्ट वाटते.

शल्यविशारद त्या काळात काय करीत होते? लंडनमध्ये अर्नेस्ट माइल्स नावाचा एक शल्यविशारद होता. गुदाशयाची गाठ खालच्या बाजूने काढण्याची जी पद्धत तेव्हा रूढ होती, त्या पद्धतीने त्याने ५७ रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या. त्यांपैकी ५४ जणांचा कर्करोग उलटला. कोणीही असा हिशेब फडताळात बंद करून ठेवला असता. माइल्सने तो उघडपणे मांडला. दगावलेल्या रुग्णांच्या शवविच्छेदनात दुखणे नेमके कोठे परतले आहे हे त्याने तपासले, आणि गाठीच्या वरच्या अंगाच्या ऊतींत व लसिकाग्रंथींत रोगाचे बी मागे राहते, असा निष्कर्ष काढला. त्यावरून १९०८ मध्ये त्याने पोट आणि खालची बाजू अशा दोन्हींकडून करावयाची मोठी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. सुरुवातीच्या १२ रुग्णांपैकी ५ जण शस्त्रक्रियेतच दगावले. तो आकडाही त्याने लपविला नाही. पुढे तंत्र सुधारले आणि ही शस्त्रक्रिया कित्येक दशके प्रमाण मानली गेली. पोटावर कायमचा मलमार्ग घेऊन का होईना, रुग्ण वर्षानुवर्षे जगू लागले. पण गाठ एकदा यकृतात वा फुप्फुसात पोचली की सुरीचा अधिकार संपत असे.

तेथून पुढचे काम रसायनशास्त्राचे. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात चार्ल्स हायडेलबर्गर यांच्या वाचनात एक निरीक्षण आले होते: उंदरांच्या यकृतातील गाठी युरॅसिल हा घटक निरोगी पेशींपेक्षा अधिक वापरतात. मग त्या घटकालाच एक फ्लोरिनचा अणू जोडून तो खोटा का करू नये? पेशीने खाऊ समजून गिळावा आणि तिचे काम अडावे. १९५७ मध्ये हे औषध जगापुढे आले. त्याचे नाव ५-फ्लुओरोयुरॅसिल, रुग्णालयाच्या बोलीत ५-एफयू. आतड्याच्या कर्करोगात त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे हेच मुख्य औषध राहिले. ते निष्प्रभ झाले की डॉक्टरांपाशी सांगण्यासारखे फारसे उरत नसे.

आता आपल्या माणसाकडे येऊ. मनसुख वाणी यांचा जन्म २० फेब्रुवारी १९२५ चा, नंदुरबारचा. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते; स्वतंत्र जिल्हा व्हायला १९९८ उजाडले. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते पुढे अमेरिकेस गेले, इंडियाना विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली आणि १९६२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याकडे रुजू झाले.

वॉल यांच्यापाशी एक जुने गाठोडे होते. १९५० च्या दशकात सरकारी शेतकी खात्यात असताना ते स्टेरॉइडचा कच्चा माल शोधण्यासाठी हजारो वनस्पतींचे अर्क काढीत असत. त्यांतील सुमारे हजार अर्क त्यांनी कर्करोगाच्या चाचणीसाठी पाठविले. कर्करोगाच्या उंदरांवर त्यांतील एकच अर्क विलक्षण गुणकारी ठरला, तो चीनमधून आणून कॅलिफोर्नियात लावलेल्या आनंदवृक्षाचा. स्टेरॉइड शोधायला निघालेल्या माणसाच्या हाती भलतेच लागले. त्या अर्कातील नेमका रेणू वेगळा काढून त्याची रचना उलगडण्याचे किचकट काम वॉल, वाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरे केले व १९६६ मध्ये ते प्रसिद्ध केले. रेणूचे नाव कॅम्प्टोथेसिन. (याच जोडीने १९७१ मध्ये टॅक्सॉल हे आणखी एक औषध जगाला दिले. स्तनाच्या व बीजांडाच्या कर्करोगात ते आजही वापरतात. पण तो स्वतंत्र थ्रेडचा विषय.)

नरक्या येथे गोष्टीत येतो. १९७२ मध्ये टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी हाच रेणू सह्याद्रीतील या झाडात असल्याचे दाखवून दिले. पुढे औषधाला मागणी आली, तेव्हा आपल्या घाटांतून नरक्याची चोरटी तोड सुरू झाली. सिंधुदुर्ग-कोल्हापूरकडे नरक्याची लाकडे पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, त्या या रेणूपायी.

मात्र १९७२ या वर्षाची दुसरी बाजू उदास आहे. त्या सुमारास अमेरिकेत रुग्णांवर चाललेल्या कॅम्प्टोथेसिनच्या चाचण्या फसल्या. पोटाच्या आणि आतड्यांच्या पसरलेल्या कर्करोगावरही ते देऊन पाहिले होते. गुण जेमतेम, त्रास भयंकर. रक्तपेशी घटत आणि मूत्राशयातून रक्त जाई. औषध बाजूला ठेवण्यात आले.

ते का फसले, हे रसायनशास्त्राची गोडी नसलेल्यांनीही समजून घेण्यासारखे आहे. मूळ रेणू पाण्यात विरघळत नाही, म्हणून शिरेतून देता यावा यासाठी त्याचा सोडियम क्षार बनविला. पण तसे करताना रेणूतील एक कडे उघडते आणि ते उघडले की त्याचा गुण जातो. हे निर्जीव औषध रक्तातून फिरत फिरत मूत्राशयात पोचे. तेथील आम्लतेत ते कडे पुन्हा मिटे आणि औषध जिवंत होई, पण नको त्या ठिकाणी! गाठीपाशी निद्रिस्त आणि मूत्राशयात जागे, असा तो प्रकार होता. ज्यांनी त्या चाचण्यांत आपले शरीर दिले, त्यांची नावे इतिहासात नाहीत. वॉल-वाणींची नावे घेताना मला ती माणसेही आठवतात.

पुढे तेरा वर्षे गेली. १९८५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात लेरॉय लिऊ यांच्या गटाने या रेणूचे लक्ष्य शोधले. पेशी दुभंगताना डीएनएच्या दोरीला पीळ पडतात. ते सोडविण्यासाठी टोपोआयसोमरेज-१ नावाचे विकर दोरीचा एक धागा कापते, पीळ सुटला की पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन त्याला कापल्यानंतर, जोडण्यापूर्वी पकडते. दोरी तुटलेलीच राहते आणि पेशी मरते. कार्य कळताच टाकून दिलेल्या औषधाकडे साऱ्यांचे लक्ष पुन्हा वळले. १९८९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात, माणसाच्या आतड्याच्या गाठी उंदरांत वाढवून त्यांवर या कुळातील औषध चालते, असे दाखविणारा निबंध आला. त्याच्या लेखकांत लिऊ होते, वॉल होते आणि वयाच्या चौसष्टाव्या वर्षी वाणीही होते.

तिकडे जपानमध्ये याकुल्त कंपनीने (होय, आपल्या फ्रिजमधल्या छोट्या बाटलीवालीच) १९८३ मध्येच या रेणूचे पाण्यात विरघळणारे रूप घडविले होते. तेच इरिनोटिकॅन. १९९४ मध्ये त्याला जपानमध्ये मान्यता मिळाली. जून १९९६ मध्ये अमेरिकेने ते मंजूर केले, आणि कोणासाठी, तर ५-एफयू घेऊनही ज्यांचा आतड्याचा कर्करोग उलटला किंवा वाढत राहिला अशांसाठी.

त्याने नेमके किती साधले? १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये युरोपातील २७९ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. सगळ्यांवर ५-एफयू निष्फळ झालेले. काहींना केवळ वेदनाशमन व शुश्रूषा, इतरांना त्यासोबत इरिनोटिकॅन. एक वर्षानंतर पहिल्या गटात शंभरी सुमारे १४ जण हयात होते, दुसऱ्यात ३६. मध्यक आयुष्य ६.५ महिन्यांवरून ९.२ महिन्यांवर गेले. जुलाब, थकवा, केस गळणे हे सारे असूनही औषध घेणाऱ्यांचे रोजचे जगणे एकंदरीत अधिक सुसह्य राहिले, अशीही नोंद आहे.

हे आकडे मी प्रथम वाचले तेव्हा निराश झालो. पावणेतीन महिने? यासाठी तीस वर्षे? मग हळूहळू दोन गोष्टी उमगल्या. मध्यक म्हणजे रांगेच्या मधोमध उभा असलेला माणूस. निम्मे त्याच्या पुढे असतात आणि त्यांतले काही फार पुढे. दुसरे म्हणजे एका औषधाने दिलेल्या वेळात दुसरे औषध येऊन पोचते. जपानमधील नागोया येथे योशिनोरी किदानी यांनी १९७६ मध्ये बनविलेले ऑक्सॅलिप्लॅटिन असेच मागाहून आले. २००४ मधील एका फ्रेंच चाचणीत दोन्ही औषधे ५-एफयूसह एकामागून एक दिली गेली. क्रम कोणताही असो, मध्यक वीस महिन्यांपलीकडे गेला. त्याच वर्षी पॅरिसजवळचे शल्यविशारद रेने आदाम यांनी आपला अनुभव मांडला. यकृतातील गाठी काढणे अशक्य ठरलेल्या ११०४ रुग्णांपैकी १३८ जणांच्या गाठी केमोने इतक्या आटल्या की शस्त्रक्रिया करता आली, आणि त्यांतील साधारण एक तृतीयांश पाच वर्षांनंतरही जिवंत होते. त्यांतल्या अनेकांचे दुखणे पुन्हा उलटले होते आणि काहींवर पुन्हा शस्त्रक्रिया झाली होती, हे त्या आकड्याच्या आत दडलेले आहे. माइल्सच्या काळी जेथे सुरीचा अधिकार संपत होता, ती सीमा पुढे सरकली, आणि ती सरकविली औषधाने.

आत्याला दर दोन आठवड्यांनी इरिनोटिकॅन मिळते. त्यानंतर ५-एफयूचा छोटा पंप कमरेला बांधून ती घरी येते. ४६ तास तो थेंब थेंब औषध सोडतो. तेवढ्यात ती भाजी निवडते, मालिका बघते, पंपाला ‘पाहुणा’ म्हणते. जुलाबाच्या गोळ्या उशाशी असतात, कारण पहिल्या लक्षणालाच त्या घ्यायच्या असतात. दर दोन-तीन महिन्यांनी स्कॅन. त्याच्या आदल्या आठवड्यात घरात कोणी फारसे बोलत नाही. आजार बरा होणार नाही, हे तिला डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले आहे. तिचा प्रश्न निराळा असतो: “ह्याच्यानंतर अजून काय काय आहे रे त्यांच्याकडे?” मी यादी सांगतो, ती मान डोलावते आणि पुढच्या महिन्याच्या लग्नाची तारीख विचारते.

मनसुख वाणी १० एप्रिल २०२० रोजी, पंचाण्णव वर्षांचे होऊन गेले. मागच्या खेपेला, पंप चालू असताना, मी आत्याला त्यांची सगळी गोष्ट सांगितली: आनंदवृक्ष, नरक्या, १९७२, याकुल्त. ती शहाद्याची. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग उठून बसली.

“नंदुरबारचे वाणी? कोणत्या गल्लीतले?”

आणि मी उत्तर देण्याआधीच तिने माहेरी फोन लावला होता.