उष्णतेचा बंदोबस्त

लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या अरुंद गाळ्यात, उपड्या घातलेल्या लॅपटॉपचे तळाचे स्क्रू काढून, त्याच्या इवल्याशा पंख्यापुढे दाटलेला धुळीचा थर नमद्याच्या तुकड्यासारखा अखंड उचलून गिऱ्हाइकापुढे धरणारा कारागीर हा एका जुन्या आणि अतिशय खर्चिक खात्याचा वारसदार आहे, हे त्याला स्वतःला ठाऊक असण्याचे कारण नाही. आणि ‘तापतो नि आपोआप बंद पडतो’ एवढाच तगादा घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला तर ते मुळीच ठाऊक नसते. हे खाते उष्णतेच्या बंदोबस्ताचे.

गणनयंत्र जी वीज घेते, ती बेरजा-वजाबाक्यांत साठून राहत नाही. जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. १९४६ साली फिलाडेल्फियात जगापुढे आलेल्या एनिॲक यंत्रात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या (आपल्याकडे रेडिओच्या काळापासून त्यांना व्हॉल्व्ह म्हणत) आणि त्या मिळून सुमारे १५० किलोवॅट वीज खात. म्हणजे एका दालनात एकेक किलोवॅटच्या दीडशे इस्त्र्या अष्टौप्रहर पेटलेल्या ठेवाव्यात तसा तो प्रकार असल्यामुळे, गणिताच्या सोयीबरोबरच हवेचे प्रचंड झोत खेळवण्याचीही तजवीज करणे प्राप्त झाले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः घडवलेला आणि १९६० साली कामास लागलेला टिफ्रॅक त्या मानाने बेताचा, तरी त्याच्याही पोलादी सांगाड्यात २,७०० व्हॉल्व्ह होते, आणि सांगाड्याची लांबी १८ फूट होती.

पुढे बँकांत आणि सरकारी दप्तरांत संगणक आले, तेव्हा त्यांच्या खोलीची वहिवाट देवघरासारखी झाली. साहेबांच्या डोक्यावर छताचा पंखा करकरत असे आणि वातानुकूलन मात्र यंत्राच्या तैनातीत; आत पाऊल टाकणाऱ्याने, मग तो कितीही मोठ्या हुद्द्याचा असो, चपला उंबऱ्याबाहेर काढायच्या. या प्रकाराची त्या काळी पुष्कळ थट्टा झाली. पण थंडावा आणि धुळीला मज्जाव, या दोनच गोष्टींवर त्या यंत्राचा जीव अवलंबून होता हे ध्यानात घेतले, म्हणजे हा मानपान अगदीच अनाठायी वाटत नाही. ते मांडीवर आले तेव्हा दोन्ही आश्रयांना एकदमच मुकले.

मांडीवर येण्याच्या या प्रवासातला आरंभीचा एक मानकरी म्हणजे १९८२ सालचा ग्रिड कंपास. त्याचे कवच मॅग्नेशियमचे असून उष्णता त्या कवचातूनच हवेत जाई, त्यामुळे त्यात पंखा नव्हता. अमेरिकेच्या अंतराळयानातून तो नेण्याचे ठरले तेव्हा मात्र पंखा बसवावा लागला, कारण भारहीन अवस्थेत तापलेली हवा हलकी होऊन आपली आपण वर जात नाही. पृथ्वीवरही हे सुख टिकले नाही. १९९३ साली पेंटियम आला, त्याच्या नखाएवढ्या सिलिकॉनवर तीस लाखांहून अधिक ट्रान्झिस्टर दाटीवाटीने नांदू लागले, आणि ती उष्णता अंगठ्याएवढ्या जागेतून उचलायची कशी, हा प्रश्न पडला. उत्तर तयारच होते. लॉस अलामॉस येथील जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली सिद्ध केलेल्या उष्णतावाहक नळीत चिमूटभर द्रव असतो; चिपेकडच्या टोकाशी त्याची वाफ होते, ती पातळ पत्र्यांच्या जाळीकडच्या टोकाला धावते, तिथे निवून पुन्हा द्रव होते आणि नळीच्या आतल्या अंगाचे सच्छिद्र अस्तर तो द्रव, दिव्याची वात तेल शोषते तसा, मुळाशी परत आणते. विजेवाचून, आवाजावाचून हे रहाटगाडगे वर्षानुवर्षे फिरते. नळी चेपली की संपले.

आता पुन्हा गाळ्यात येऊ. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव सरकारी दप्तरातून गेले. तिथे आज डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग रुजू आहे, पण बाजाराने जुने नाव सोडले नाही. रेडिओच्या सुट्या भागांवर वाढलेल्या या पेठेत व्हॉल्व्ह गेले आणि चिपा आल्या, तरी तापलेल्या वस्तूशी असलेला तिचा संबंध काही सुटला नाही. चिप आणि तांबे यांच्यामधली पेस्ट चुन्यासारखी सुकलेली असते. ती खरवडून, स्पिरिटने पुसून नवी लावायची आणि पंखा बोटाने धरून ब्रश फिरवायचा, एवढेच खरे काम. बाहेरूनच ब्लोअरचा झोत मारून पैसे घेणाऱ्याविषयी मला आदर नाही, कारण धूळ जाळीवरून उडते आणि आतच दुसरीकडे ठाण मांडते. तापून निकामी झालेली चिप हीट गनने आणखी तापवून जिवंत करण्याचा तोडगाही इथे पाहायला मिळतो. ती उठते खरी, पण पाहुण्यासारखी, चार दिवसांपुरती.

काम संपल्यावर कारागीर यंत्र चालू करतो, पडद्याकडे पाहतही नाही, कडेच्या फटीपाशी तळवा धरतो आणि क्षणभर थांबतो. हाताला कढत हवा लागली की म्हणतो, ‘गरम येतंय ना बाहेर? मग झालं,’ आणि घाम पुसत पुढच्या गिऱ्हाइकाचा लॅपटॉप उपडा घालतो.