विमानाचा काटा कोणता वेग सांगतो?

नांदेडच्या घाटावर गोदावरीच्या वाहत्या पाण्यात एक वाकडी नळी धरा. तोंड प्रवाहाकडे करा. नळीतले पाणी बाहेरच्यापेक्षा वर चढेल. ओढीला जोर जितका अधिक, तितके वर. आंरी पितो या फ्रेंच इंजिनिअराने १७३२ साली पॅरिसच्या सेन नदीत हेच केले. नदी खोलात अधिक वेगाने वाहते, असे तेव्हाचे जाणते लोक मानीत. नळीने उलटेच दाखविले!

पुढे हीच नळी विमानावर चढली. पाण्याच्या जागी वारा आला. पण मेख अशी, की नळीला कळतो तो हवेचा रेटा. उंचावर हवा विरळ, तेव्हा तेवढाच रेटा मिळायला विमानाला जास्त धावावे लागते. तीन हजार मीटरांवर काटा ताशी २०० किलोमीटर दाखवीत असला, तर खरा वेग असतो सुमारे २३२.

मग काटा खोटा म्हणायचा का? मुक्कामाची वेळ काढायला खरा वेगच हवा, हे कबूल. पण पंखांना उचलून धरतो तो रेटा. तो कमी पडला की विमान खाली येते. लातूरचा विमानतळ नांदेडच्या विमानतळाहून सुमारे अडीचशे मीटर उंच. त्यात वैशाखातली दुपार हवा आणखी पातळ करते. तरी वजन तेच असेल, तर उतरताना काट्यावरचा आकडा दोन्हीकडे तोच. लातुरास चाके मात्र जरा जास्त वेगाने टेकतात, धावपट्टी जास्त लागते. काट्यावर खरा वेग दाखविला असता, तर प्रत्येक गावाचा नि प्रत्येक दुपारचा आकडा निराळा पाठ करावा लागता. म्हणून मुख्य जागा रेट्याच्या वेगाला दिली गेली, आणि माझ्या मते ते शहाणपणाचेच झाले. खरा वेग वैमानिक उंची व तापमान घेऊन गोल गणनपट्टीवर काढीत. आता मोठ्या विमानांत संगणक तो बाजूला दाखवितो.

पण सारी भिस्त त्या नळीवर! १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला निघालेल्या विमानाच्या नळ्या बर्फकणांनी बुजल्या. मिनिटभरात त्या मोकळ्या झाल्या, पण गोंधळलेल्या वैमानिकांनी विमानाचे नाक वर धरून ठेवले. रेटा सुटला. २२८ माणसे अटलांटिकमध्ये गेली.

नळीला आतून विजेची ऊब देतात, ती याचसाठी. आणि विमान जमिनीवर उभे असताना तिच्या तोंडावर खोळ घालतात. नाहीतर कुंभारमाशी आत मातीचे घर करते.