सामान्य माणसाची समजूत आणि आपले नागरिकत्व

२०२५ च्या जानेवारीअखेरीस आमच्या मंडळाचा तिळगुळाचा कार्यक्रम होता. जेवताना एका तरुणाने हळूच विचारले, "दादा, आमचं बाळ एप्रिलमध्ये येणार. आम्ही दोघंही एच-वनवर. बाळ अमेरिकन नागरिक होईल ना?" आई-वडिलांपैकी कोणीच नागरिक वा ग्रीनकार्डधारक नसेल, तर इथे जन्मलेल्या मुलाला नागरिक मानू नये, असा आदेश २० जानेवारीला निघाला होता. टेबलाभोवती आम्ही दहाजण, निम्म्यांच्या नावामागे डॉक्टरेट. पण उत्तर एकालाही देता येईना!

नागरिकत्वाची परीक्षा मीही दिली आहे. माझ्या वेळी शंभर प्रश्नांचा संच असे. त्यातले दहापर्यंत विचारत, सहा बरोबर आले की झाले. सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश किती, हे मला पाठ होते. त्या न्यायालयाने काय निकाल दिले, हे कोणी विचारले नाही आणि मीही वाचले नाही. तिकडे तरी काय वेगळे? नानावटी खटला आमच्या घरात सर्वांना तोंडपाठ. पण १९७३ साली तेरा न्यायाधीशांनी सात विरुद्ध सहा मतांनी घटनेची मूलभूत चौकट राखली, तो केशवानंद भारती खटला फारसा कुणाला ठाऊक नव्हता.

त्या रात्री मी वाचायला बसलो. वाँग किम आर्क सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आई-वडिलांच्या पोटी जन्मलेला. १८९५ मध्ये चीनहून परतताना त्याला बंदरातच अडवले. १८९८ साली सर्वोच्च न्यायालयाने १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीच्या आधारे निकाल दिला : इथे जन्मला, तो नागरिक. त्या तरुणाच्या प्रश्नाचे मूळ उत्तर इथे होते.

पण जे इथे जन्मले नाहीत, म्हणजे आपल्यासारखे, त्यांचे काय? १७९० च्या कायद्याने नागरिकत्व फक्त 'गोऱ्या' व्यक्तींना मिळे. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपान्याला न्यायालयाने सांगितले, गोरा म्हणजे कॉकेशियन. तुम्ही ते नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात राहिलेले भगतसिंग थिंद म्हणाले, शास्त्रज्ञ आम्हाला कॉकेशियनच मानतात! तीनच महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, त्याच न्यायमूर्ती सदरलँड यांनी निकाल लिहिला : शास्त्र नको, सामान्य माणूस 'गोरा' कोणाला म्हणतो ते पाहायचे. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक मधेच स्पेसिफिकेशन बदलते, तसेच हे. पण इथे माणसे भरडली गेली. अनेक हिंदी लोकांचे मिळालेले नागरिकत्व काढून घेण्यासाठी सरकार कोर्टात गेले. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णो दास बगई यांचे नागरिकत्व गेले. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. हे नाव वाचून मी थबकलोच. त्यांना स्वतःला १९१४ मध्ये नागरिकत्व मिळाले होते. सरकार आता तेही रद्द करू पाहत होते. त्यांची वकिली आणि अमेरिकन पत्नीचे नागरिकत्व, दोन्ही पणाला लागले. पंडितांनी वंशाचा वाद बाजूला ठेवला. १९१४ च्या निकालावर सरकारने अपील केले नाही, तेव्हा तो प्रश्न कायमचा मिटला, असा त्यांचा मुद्दा. आपल्याकडचे वकील याला प्राङ्न्याय म्हणतात. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने तो मान्य केला. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची बाजू ऐकण्यास नकार दिला. पुढे सरकारने असे उरलेले दावे सोडून दिले.

हिंदी लोकांना नागरिकत्वाची वाट १९४६ च्या कायद्याने उघडली, तीही वर्षाला शंभर माणसांच्या कोट्यासह. वंशाची अट १९५२ मध्ये संपली, आणि १९६५ च्या कायद्यामुळे आपल्या पिढ्या इथे आल्या.

मंडळी, 'सामान्य माणसाच्या समजुती'वर कधीकाळी आपले नागरिकत्व ठरले. मग ती समजूत अडाणी ठेवून कसे चालेल? आमच्या मराठी शाळेत आता महिन्यातून एका रविवारी मुलांना एक खटला सांगतो. पहिला पंडितांचा सांगितला. तो तरुणही ऐकायला आला होता. बाळ एप्रिलमध्ये सुखरूप आले. तोवर न्यायालयांनी तो आदेश अडवला होता, आणि अडवताना वाँग किम आर्कचाच दाखला दिला होता.