अर्जांतील आत्मनिबंध

अमेरिकेंतील नामांकित महाविद्यालयांत प्रवेश मागणाऱ्या विद्यार्थ्यास गुणपत्रिकेबरोबर स्वतःविषयीं एक निबंधही धाडावा लागतो. हल्लीं महाराष्ट्रांतील कित्येक सुशिक्षित घरांतही या निबंधाची चिंता वाहिली जाते. परंतु परीक्षेचे गुण हातीं असतां विद्यार्थ्यास 'तूं कोण?' असें विचारण्याची गरज तिकडे कां भासली, याचा विचार क्वचितच होतो. तो इतिहास बोधप्रद आहे. सर्वस्वीं उज्ज्वल मात्र नाहीं.

१९०० सालीं अमेरिकेंत महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षा मंडळ स्थापन झालें व पुढील वर्षीं त्याच्या परीक्षा सुरू झाल्या. परीक्षा उतरला त्यास बहुधा प्रवेश मिळे. या सरळ व्यवहाराचा लाभ पूर्व युरोपांतून आलेल्या यहुदी कुटुंबांतील हुषार मुलांनीं घेतला. हार्वर्डमध्यें १९०० च्या सुमारास शेंकडा ७ असलेले यहुदी विद्यार्थी १९२२ पर्यंत शेंकडा २१ हून अधिक झाले. ही वाढ अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांस रुचली नाहीं. त्याच वर्षापासून अर्जांत वर्ण, धर्म, आईचें माहेरचें नांव, इतकेंच नव्हे तर घराण्याच्या नांवांत झालेला बदलही विचारला जाऊं लागला. उघड मर्यादा घालण्याची कल्पना अध्यापकवर्गानें १९२३ सालीं नाकारली. तेव्हां १९२६ सालीं आडवाट निघाली. पहिल्या वर्षाच्या वर्गाची संख्या हजारावर बांधण्यांत आली आणि निवडींत 'शील' व 'व्यक्तिमत्त्व' यांस वजन देण्यांत आलें. शिफारसपत्रें, मुलाखती व आत्मनिबंध यांस महत्त्व आलें तें या वळणावर. गुण मोजतां येतात. शीलाला माप नाहीं. म्हणूनच शील पारखणाराच्या हातीं फार मोठी सत्ता येते.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे अघोषित निर्बंध हळूहळू मावळले. निबंध मात्र उरला. १९७५ सालीं १५ महाविद्यालयांनीं एक सामाईक अर्ज सुरू केला. आज त्यांतील निबंधाची मर्यादा ६५० शब्दांची आहे. २०२३ च्या जूनमध्यें सर्वोच्च न्यायालयानें निवडींत वंशाचा विचार करण्यास मनाई केली. तथापि वंशामुळें आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हें विद्यार्थ्यानें लिहिल्यास, त्यांतून दिसणारें त्याचें धैर्य वा कर्तृत्व लक्षांत घेण्यास हरकत नाहीं, असेंही निकालपत्रांत म्हटलें. दार लावण्याच्या कामीं आलेलें साधन अशा रीतीनें एक लहानशी खिडकी ठरलें!

या इतिहासावरून चांगल्या निबंधाचें मर्म आम्हांस असें दिसतें. पारखणाराचे ग्रह विद्यार्थ्याच्या हातीं नाहींत. स्वतःच्या कृतींचा तपशील मात्र त्याच्या हातीं आहे. 'मी चिकाटीचा आहे' हें वाक्य कोणीही लिहील. पण शेतावरचा बंद पडलेला पंप चालू करण्यासाठीं तो तीनदां कसा उघडला, दोनदां कोठें चुकलें आणि तिसऱ्या वेळीं काय कळलें, हें ज्यानें केलें तोच लिहूं शकतो. असा तपशील विशेषणांनीं भरून निघत नाहीं, आणि वडीलमंडळींनीं किंवा विकतच्या लेखनिकानें लिहून दिल्यास तर तो मुळींच उरत नाहीं. पालकांनीं मुलास प्रश्न खुशाल विचारावे. लेखणी मात्र त्याच्याच हातीं राहूं द्यावी.