वर्गातील चिठ्ठ्या आणि पुणे करार

पाठ्यपुस्तकात पुणे करार दोन ओळींत संपतो. उपोषण, तडजोड, सह्या. करारात दलितांना काय मिळाले ते मुलांना पाठ असते. काय गेले, ते त्या दोन ओळींत नसते. नेर येथे शिकवताना हा धडा मी चिठ्ठ्यांच्या खेळाने शिकवू लागलो.

वर्गात चाळीस मुले. आठ चिठ्ठ्या निळ्या, बत्तीस पांढऱ्या. हाती येईल तो आपला गट. जातीवरून भूमिका द्यायची नाही. नाहीतर गावकुसाबाहेरचे पोर वर्गातही कुसाबाहेरच बसते.

पहिली फेरी 16 ऑगस्ट 1932च्या जातीय निवाड्याची. निळ्यांचा प्रतिनिधी निळेच निवडतात, शिवाय सर्वसाधारण जागेसाठीही मत देतात. म्हणून पांढऱ्या उमेदवारालाही त्यांच्या दारी यावे लागते. दुसरी फेरी 24 सप्टेंबर 1932च्या कराराची. प्रांतिक कायदेमंडळांतील जागा 71 वरून 148 झाल्या. पण आता निळ्यांनी फक्त चौघांची यादी द्यायची, त्यांतला एक निवडायचा तो सगळ्या चाळीसांनी. निळ्यांची पाच मते घेणारी मुलगी अंतिम फेरीत पडली. निवडून आला तो एका निळ्या मताचा धनी. तो पांढऱ्यांना अडचणीचे प्रश्न विचारीत नव्हता.

“सर, हा आमचा की त्यांचा?” एका निळ्या चिठ्ठीने विचारले.

1946 साली कॅबिनेट मिशनपुढे बाबासाहेबांचा सवाल हाच होता. पुढे राखीव जागा राहिल्या, प्राथमिक फेरी गेली, मतदारसंघ संयुक्तच राहिला. आपल्याच विदर्भात, 1954च्या भंडारा पोटनिवडणुकीत, खुद्द बाबासाहेब पराभूत झाले.

कोणी याला पोरखेळ म्हणेल. बाबासाहेबांनी 1946 साली मुंबईत उभारलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची पार्लमेंट भरत असे. जानेवारी 1950मध्ये तिच्यापुढे ते स्वतः हिंदू कोड बिलावर बोलले. ज्यांच्या बापजाद्यांना चावडीवर बसता येत नव्हते, त्यांच्यासाठी ती राज्यकारभाराची तालीम होती.

आज शाळाशाळांतून वर्गनायक निवडतात, शालेय मंत्रिमंडळाचे शपथविधी होतात. मुले हात वर करायला शिकतात. बहुमत म्हणजे न्याय नव्हे, हे शिकत नाहीत. मत समान झाले म्हणून माणसाचे मोल समान होत नाही, हा इशारा बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत दिला होता. शिक्षकांनी चिठ्ठ्या कापाव्यात आणि निकालानंतर एकच विचारावे : निवडून आलेला कोणाला बांधलेला आहे? मुलांचे उत्तर फार दूर जाणार नाही. ते गावच्या राखीव सरपंचापाशी येऊन थांबेल.